पाणी कुणी काढलं

भंगारवाला येत्या सोमवारी नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी येणार होता. बुधवारी जेवताना मी यांना म्हणाले, "अहो, एकदा मिस्त्रींना दाखवू या का?"

यांनी ताटातून मान वर केली नाही. "काय दाखवायचं?"

"ट्रॅक्टर."

"मेलेल्याची नाडी बघून काय मिळणार आहे?"

"नाही मिळालं तर नाही. पण एकदा बघू देत."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी हट्टाने मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यामुळेच असेल, हातातला घास खाली ठेवून हे माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "बोलव. पण भंगारवाल्यापुढे मला तोंडघशी पाडू नकोस."

ट्रॅक्टर मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नऊ वर्षं उभा होता. माझ्या सासऱ्यांनी घेतला तेव्हाही तो जुनाच होता. दोन सिलिंडरचा, पुढून हँडल मारून सुरू करायचा, चालायला लागला की सगळं अंग हलवणारा. हे आणि माझे धाकटे दीर, दोघंही त्याच्यावर वडिलांच्या मांडीत बसून स्टिअरिंग धरायला शिकले. उभा राहिल्यापासून त्याच्यावर आधी रिकामी पोती आली, मग शिडी, मग मोडकी खुर्ची. ज्याचं काय करायचं ते घरात ठरत नसे, ते सगळं त्याच्या अंगावर जाऊन पडे.

तो का बंद पडला हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पाण्याशिवाय चालवल्यामुळे. पाणी कुणी काढलं, यावरून मात्र दोन भाऊ भांडले, आणि महिन्याभरात भाऊजी बायकोला घेऊन शहरात राहायला गेले. तिथे पंप दुरुस्तीच्या कारखान्यात लागले. तेव्हापासून ना फोन, ना येणं-जाणं. भाऊजींनी पाणी काढलं आणि विसरले, असं यांचं म्हणणं. भाऊजी म्हणायचे, मी काढलंच नाही.

ते खरंच बोलत होते. पाणी मी काढलं होतं.

कडाक्याची थंडी पडायची तेव्हा रात्री रेडिएटरमधलं पाणी गोठून तो फुटू नये म्हणून संध्याकाळीच खालची तोटी उघडून पाणी सोडून द्यावं लागे. सासऱ्यांनी एक शिस्त घालून दिली होती. जो पाणी काढेल त्याने रिकामी बादली ड्रायव्हरच्या सीटवर पालथी घालायची. बादली दिसली की सकाळी आधी पाणी भरायचं, मग हँडलला हात लावायचा. बादली नसेल तर पाणी आहे. इतकं साधं. ते काम पुरुषांचं, पण त्या संध्याकाळी दोघंही दमून आले होते आणि हवा एकदम बोचरी झाली होती. म्हटलं, आपण काढू. काढलं, बादली सीटवर पालथी घातली आणि कुणाला काही न बोलता झोपले. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

पहाटे उठल्यापासून जप पुरा होईपर्यंत मी बोलत नाही. लग्नाआधीपासूनचा नेम आहे. त्या वेळात पाखरांच्या कुंडीत पाणी घालायचं, दारच्या झाडांना घालायचं, हेही ठरलेलं. त्या सकाळी घरातली बादली गळायला लागली होती. मी सीटवरची बादली उचलली. दहा मिनिटांत परत ठेवू म्हणून.

तेवढ्यात भाऊजी आले. नेहमीपेक्षा तासभर आधी. कुणाची तरी लाकडं चढावरून ओढून आणायची होती. मी नळापाशी, एका हातात बादली, दुसऱ्या हातात माळ. त्यांनी सीटकडे पाहिलं, हँडल मारलं, चढून बसले. दोन शब्दांचं काम होतं: पाणी नाही. आणि माझे बावीस मणी उरले होते. मी बादली उंच धरून हलवली. त्यांनीही हसून हात केला आणि फाटकातून बाहेर पडले.

मी बावीस मणी पुरे केले. मग धावले. तोवर चढावरून धूर दिसत होता.

दुपारी भांडण जुंपलं तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला कुणी विचारलंच नाही. पाणी काढणं माझं काम नव्हतं, मग मला का विचारतील? विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी स्वतःला नऊ वर्षं सांगत आले. नेम वाढवत गेले. एक वेळचं जेवण सोडलं, आठवड्यातून एक दिवस मीठ सोडलं. तोंड मात्र उघडलं नाही. आणि आता ट्रॅक्टर भंगारात गेला असता, तर ते भांडण कायमचं तसंच राहिलं असतं, भाऊजींच्या नावावर.

*

मिस्त्री सासऱ्यांच्या वेळचे. गुडघे गेलेले, म्हणून उलट्या खोक्यावर बसून काम करतात. आल्या आल्या मला म्हणाले, "सूनबाई, पाने तू देत जा. माझ्याने उठवत नाही, आणि तुझा नवरा द्यायला बसला की पान्याबरोबर सल्लाही देतो."

"मी इथेच उभा आहे," हे म्हणाले.

"म्हणूनच सांगतोय."

पोती, शिडी, खुर्ची बाजूला झाली. मिस्त्रींनी हवेची गाळणी उघडली आणि आतून मूठभर गुंता बाहेर ओढला. "तीन पिढ्यांचा संसार आहे उंदरांचा. हे पोतं, हा कापूस, आणि ही बघ लोकर. तुझ्या शालीची दिसते. चांगल्या घरातले उंदीर आहेत."

टाकीत काठी बुडवून त्यांनी ती वर काढली. टोकाला काळा चिकटा. "हे डिझेल नाही, डांबर आहे." मग हँडल लावलं आणि अंगाचा भार दिला. हँडल तसूभर हललं नाही. यांनी माझ्याकडे पाहिलं. 'सांगत नव्हतो?' असं ते पाहणं.

मिस्त्रींनी मात्र घाई केली नाही. वरचे दोन्ही इंजेक्टर काढले, डिझेल आणि तेल निम्मंनिम्मं मिसळलं आणि त्या भोकांतून आत सोडलं. "आता आपण काही करायचं नाही. हे सगळ्यांत अवघड काम. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक वाटी ओतायची आणि हँडलला हात लावून बघायचं. जोर नाही करायचा. हललं तर हललं."

"आणि नाही हललं तर?" यांनी विचारलं.

"तर तुझा भंगारवाला आहेच की. तो कुठे पळून जातोय?"

ओतायचं काम माझ्याकडे आलं. जप झाला की शेडमध्ये जायचं, वाटी रिकामी करायची, हँडलला हात लावायचा. पहिले तीन दिवस ते भिंतीत चिणल्यासारखं होतं. त्या तीन दिवसांत मी मनाशी ठरवलं: इंजिन सुरू झालं तर सगळं सांगून टाकायचं. देवापुढे तसं बोललेही. आणि बोलता बोलता माझी मलाच लाज वाटली. म्हणजे नाही सुरू झालं, तर न सांगण्याची सोय मी आधीच करून ठेवली होती. देवाशी सौदा करायचा तर निदान त्यात चोरवाट तरी नको.

चौथ्या दिवशी संध्याकाळी हँडल हललं. नखभर. मला वाटलं माझाच हात घसरला. पुन्हा लावलं, पुन्हा नखभर. मी घरात येऊन यांना म्हणाले, "हललं." हे चप्पल न घालता शेडमध्ये गेले. बराच वेळ आले नाहीत. मी डोकावले, तर हे हँडलला नुसता हात लावून उभे होते.

*

सहाव्या दिवशी मिस्त्रींनी हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं जाड झाकण, उघडलं. मी एकेक बोल्ट घेऊन, ते काढतील त्याच क्रमाने पाटावर मांडत होते. हेड उचलायला यांनी हात दिला. खालची गॅस्केट, फट बंद ठेवणारी पातळ पट्टी, दोन सिलिंडरच्या मधोमध जळून तुटलेली होती. मिस्त्रींनी चिंधीने एक सिलिंडर पुसला आणि आत बोट फिरवलं. मग दुसऱ्यात. सावकाश, डोळे मिटून.

"चरे नाहीत," ते म्हणाले.

"म्हणजे?" यांनी विचारलं.

"म्हणजे गॅस्केट गेली ती पाण्याशिवाय तापून. पण पिस्टन चिकटले ते नंतरच्या गंजाने. चालवणाऱ्याने वास येताच बंद केलाय. आणखी दोन मिनिटं ओढला असता, तर मी पहिल्याच दिवशी चहा पिऊन घरी गेलो असतो."

हे चिंधी हातात घेऊन उगीच हेड पुसत राहिले. मग म्हणाले, "तो म्हणत होता तसं. लगेच बंद केला म्हणून."

"मग खरंच म्हणत होता."

"आणि पाणी? पाणी काढून विसरला, त्याचं काय?"

"ते इंजिन नाही सांगत बाबा," मिस्त्री म्हणाले. "इंजिन आपल्यापुरतं बोलतं."

दुपारी हे हात धुवायला मागच्या दारी आले. मी तांब्याने पाणी घालत होते. ऑइल काही केल्या निघत नव्हतं, हे साबण चोळत होते. इंजिन सुरू व्हायला अजून कितीतरी दिवस होते. कदाचित झालंही नसतं.

"अहो, पाणी मी काढलं होतं," मी म्हणाले.

"कुठलं पाणी?"

"त्या दिवशीचं. आदल्या संध्याकाळी. थंडी फार होती."

यांचे हात थांबले. साबणाचा फेस मनगटावरून खाली येत होता. "आणि बादली?"

"ठेवली होती. सकाळी मीच उचलली. पाखरांना पाणी घालायला."

"तो आला तेव्हा तू होतीस तिथे?"

"होते. नळापाशी."

"मग बोलली का नाहीस?"

"मौन होतं," मी म्हणाले. नऊ वर्षं मनात घोळवलेलं उत्तर, पण मोठ्याने म्हटल्यावर ते किती लहान निघालं.

यांनी माझ्या हातातून तांब्या घेतला आणि स्वतःच उरलेलं पाणी हातावर घातलं. "आणि माझ्याशी? माझ्याशी नऊ वर्षं मौनच होतं?"

हे आवाज चढवून बोलले असते तर बरं झालं असतं. पंच्याला हात पुसून ते बाहेर गेले. रात्री जेवले आणि पाठ करून झोपले. मी भांडी घासून अंथरुणावर पडले. भीती वाटत होती, पण छातीवरचं एक जुनं ओझं उतरलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला पडल्या पडल्या झोप लागली.

*

हेड तापून किंचित वाकलं होतं. ते लेथवर घासून सपाट करून आणायचं होतं, आणि लेथ शहरात. सकाळी यांनी हेड पोत्यात गुंडाळलं आणि पहिल्या बसने गेले. परत कधी येणार ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दिवसभर मी घर पुसलं. पुसलेलंच पुन्हा पुसलं. संध्याकाळी फाटकाशी एक गाडी थांबली, पंपाच्या कारखान्याची. मी खिडकीतून पाहिलं. ते पोतं दोन टोकांना धरून दोघं जण येत होते. एकीकडे हे, दुसरीकडे भाऊजी. भाऊजींचे केस कानशिलावर पांढरे झाले होते.

"जपून, दगड आहे तिथे," भाऊजी म्हणत होते.

"मला माहीत आहे दगड कुठे आहे. मी इथे राहतो."

माझा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही. अजून एक माणूस बाकी होता.

हेड शेडमध्ये ठेवून भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी पाणी दिलं. त्यांनी ते घेतलं.

"भाऊजी, यांनी सांगितलं असेल. पण मलाही सांगायचंय." आणि मी सगळं पुन्हा सांगितलं, बावीस मण्यांसकट.

ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही बादली हलवत होतात."

"हो."

"आणि मी हात केला."

"हो."

"मला वाटलं, आज वहिनी एवढ्या खुशीत कशा?" ते हसायला लागले. हसता हसता दाराला टेकले. मग हसू ओसरलं. "मी नऊ वर्षं धरून चाललो होतो की पाणी दादाने काढलं आणि कबूल करत नाही. तो धरून चालला की मी. साप साप म्हणून दोघं भुई धोपटत बसलो. वहिनी, माझी मुलगी सात वर्षांची झाली. तिला वाटतं तिच्या बाबांना भाऊच नाही."

"माझं चुकलं," मी म्हणाले.

"चुकलंच," ते म्हणाले.

'जाऊ द्या हो' म्हणाले नाहीत, याचं मला फार बरं वाटलं. मग पेला खाली ठेवून त्यांनी विचारलं, "जेवायला काय आहे?"

रात्री मी यांना विचारलं, शहरात काय बोलणं झालं. हे कुशीवर वळले. "काही नाही. लेथवाल्याकडे रांग होती. बाकावर बसावं लागलं दोघांना."

*

रविवारी इंजिन जोडलं. नवी गॅस्केट बसली, हेड बसलं, आणि बोल्ट आवळायची पाळी आली. मी पाटावरचे बोल्ट क्रमाने देत होते.

"मधले आधी," भाऊजी म्हणाले. "मग तिरपे, बाहेरच्या बाजूला."

"वडील कडेपासून आवळायचे," हे म्हणाले.

"वडील कधीच कडेपासून नाही आवळायचे, दादा."

"तू तेव्हा सहा वर्षांचा होतास."

"आणि तू झाडावर होतास."

मिस्त्री माझ्याकडे वळले. "नऊ वर्षं गप्प होते तेच बरं होतं, सूनबाई." पण बोल्ट मधूनच आवळायला घेतले.

टाकी घासून धुतली होती. नवं डिझेल घातलं, नळीतली हवा काढली. बोट दाबून, सोडून, बुडबुडे थांबेपर्यंत. पाणी मी भरलं. मी भरलं म्हणून यांनी वाकून पाहिलं, यांनी पाहिलं म्हणून भाऊजींनी पाहिलं, आणि मिस्त्री खोक्यावरून उठून, गुडघ्याला शिव्या देत, तेही पाहून आले.

हँडलला हे, कंप्रेशन सोडायच्या खटक्याशी भाऊजी. खटका वर असला की इंजिन हलकं फिरतं. वेग आला की तो खाली टाकायचा, ती वेळ चुकली की सगळं फुकट.

"सांगशील ना?" यांनी विचारलं.

"सांगेन. तू फिरव तर."

पहिल्यांदा फुस्स. दुसऱ्यांदा एक धक्का, एक पांढरा धूर, आणि पुन्हा शांतता. हे वाकून गुडघ्यांवर हात ठेवून दम घेत होते. भाऊजी म्हणाले, "दे, मी मारतो."

"खटक्यावर राहा."

तिसऱ्यांदा यांनी दात खाऊन हँडल फिरवलं, एक, दोन, तीन, चार, भाऊजी "आता" म्हणाले, खटका पडला, आणि आत कुठेतरी एक जडसा ठोका पडला. मग दुसरा. मग थांबतोय असं वाटलं आणि थांबला नाही. काळ्या धुराचा लोट नळीतून पत्र्याला लागला, वरून नऊ वर्षांची धूळ आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर आली. ठोके एकमेकांजवळ येत गेले आणि सगळा ट्रॅक्टर जुन्यासारखा अंग हलवायला लागला. मिस्त्री डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी बोटाने हवेत एक लहानसा फेरा काढला, जरा कमी कर अशा अर्थाचा. भाऊजींनी कमी केलं. मग ठोके सारखे झाले.

मी मिस्त्रींच्या खोक्यावर बसून घेतलं. आपण त्याच्यावर बसलो आहोत हे मला नंतर कळलं, मिस्त्री इतका वेळ उभेच होते.

यांनी इंजिनावर हात ठेवला, चटका लागेपर्यंत काढला नाही. मग भाऊजींना काहीतरी म्हणाले. ऐकू गेलं नाही. पुन्हा कानाशी जाऊन ओरडले. भाऊजींनी मान हलवली आणि खिशातून फोन काढला.

"मी आहे. नाही, बरा आहे. आवाज ट्रॅक्टरचा आहे. ट्रॅक्टरचा. हो, दादाकडेच. तिला दे जरा."

"बाहेर जाऊन बोला ना, भाऊजी," मी म्हणाले. "तिला काय ऐकू येणार?" पण ते इंजिनापासून हलायला तयार नव्हते. आणि हेही नव्हते. यांनी हात पुढे केला, भाऊजींनी फोन दिला. यांनी तो काळ्या हाताने कानाला लावला, दुसऱ्या कानात बोट घातलं.

"मी तुझा काका," हे ओरडले. "काका. बाबांचा मोठा भाऊ. नाही, हा आवाज माझा नाही."

मग हे बराच वेळ नुसते ऐकत राहिले. पलीकडून खूप प्रश्न येत असावेत.

"लाल आहे," हे म्हणाले. "मोठा आहे. हो, बसता येतं. तू ये तर. नाही, आजच."

फोन परत देऊन यांनी माझ्याकडे पाहिलं. "अगं, जेवायला आणखी दोघी आहेत," हे म्हणाले. मी उठले.